रगात कशापायी?

सुप्याच्या पुढे डांबरी रस्ता सोडून दोन किलोमीटर आत गेलं की एक माळ लागतो. तिथे जुलैतल्या एका पहाटे मी पहिल्यांदा मेंढीची मान धरली. धरली म्हणजे काय, मेंढी कळपाच्या मालकांनी, मामांनी धरली, सुई जनावरांच्या डॉक्टरांनी लावली, आणि मी जांभळ्या टोपणाची नळी घेऊन शेजारी उभी होते. पुण्याहून चारला निघालो होतो. दव उडालं की मेंढ्या चरायला बाहेर पडतात, मग दिवसभर हाताला लागत नाहीत. म्हणून वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या, आत आहेत तोवरच काम उरकायचं.

"रगात कशापायी?" मामांनी विचारलं.

मी पाठ करून आणलेलं उत्तर दिलं. "मेंढ्यांच्या जातीतली विविधता बघायचीय, मामा."

"जात तर डोळ्यांनी दिसतीया की," ते म्हणाले आणि पुढची मेंढी पकडायला वळले.

एका प्रकल्पावर मी तेव्हा प्रोजेक्ट असिस्टंट होते. चार कळप, प्रत्येकातून तीस नमुने, बारा मार्कर, म्हणजे डीएनएवरच्या खुणा. दख्खनी मेंढीचे लोणंद, संगमनेरी, सोलापुरी, कोल्हापुरी असे प्रकार सांगितले जातात. आमचा प्रश्न त्याहून लहान होता: एका कळपाच्या आत विविधता किती उरली आहे, आणि एका कळपापासून दुसरा किती वेगळा आहे. कागदावर तीन ओळींत बसणारं काम. एथिक्स कमिटीची परवानगी यायलाच चार महिने गेले, त्याबद्दल इथे लिहीत नाही.

मेंढीच्या मानेवरची लोकर दोन बोटांनी फाकवायची, अंगठ्यानं शीर दाबायची, ती फुगली की सुई. डॉक्टरांचं एका मेंढीला मिनिटभरसुद्धा लागत नव्हतं. माझं काम नळी हलकेच पाच-सहा वेळा उलटीपालटी करायची, म्हणजे आतलं ईडीटीए मिसळून रक्त गोठत नाही, मग नंबर लिहायचा, पाटीवर तोच नंबर लिहून मेंढीचा फोटो काढायचा, नळी बर्फाच्या डब्यात, आणि फॉर्म भरायचा. वय दातांवरून. लिंग. शिंगं आहेत की नाहीत. अंगाचा रंग. बऱ्याचशा काळ्या होत्या, काही उंच आणि पांढऱ्यावर तपकिरी ठिपक्यांच्या. मी दहाव्या मेंढीनंतर 'मिश्र' असं लिहून मोकळी होत गेले. पाठीवर लाल-निळ्या रंगाचे ओले ठिपके होते, त्यातला निळा माझ्या ओढणीला लागला. मामांच्या घरच्या मावशींनी रॉकेलनं पुसायला सांगितलं. रॉकेल कुठून आणणार? घरी दोनदा धुतली, डाग आजही आहे.

हात इतके गार पडले की मार्कर पेन नीट चालेना. त्याचा परिणाम पुण्यात डबा उघडल्यावर कळला. बर्फ वितळून पाणी झालेलं आणि चार नळ्यांवरची शाई साफ धुतलेली. चार मेंढ्या निनावी झाल्या. प्रकल्पाच्या प्रमुख मॅडम काही बोलल्या नाहीत, फक्त पेन्सिल आणि कागदी चिकटपट्टी माझ्या टेबलावर ठेवून गेल्या. पुढच्या आठवड्यात त्या चारांसाठी पुन्हा जाऊन आलो. त्या वेळी मामा भेटले नाहीत. त्यांच्या मुलानं समोर येतील त्या चार मेंढ्या धरून दिल्या.

आता मार्कर म्हणजे काय, ते सांगायला हवं. डीएनएमध्ये काही जागी तीच-ती दोन अक्षरं पुन्हा पुन्हा येतात. सीए-सीए-सीए, असं पंधरा वेळा, वीस वेळा. पेशी डीएनएची नक्कल करते तेव्हा अशा जागी तिचा हिशेब चुकतो, जपमाळ ओढताना डुलकी लागली की एखादा मणी कमी-जास्त व्हावा तसा. ही चूक मग पुढच्या पिढीत उतरते. त्यामुळे एकाच जागी कुणाकडे पंधरा मणी, कुणाकडे अठरा. प्रत्येक जनावराकडे अशा दोन माळा, एक आईकडून आणि एक बापाकडून. याला मायक्रोसॅटेलाइट म्हणतात. मणी वाढले म्हणून दूध वाढत नाही की लोकर मऊ होत नाही, आणि तोच तर फायदा. जिच्यावर निवडीचा फारसा दाब नाही अशी खूण पिढ्यान्‌पिढ्या वाहत राहते आणि कोण कुणात मिसळलं, कोण वेगळं राहिलं, एवढंच सांगते.

मेंढीसाठी कोणते मार्कर घ्यावेत याची यादी तयार असते. जगभरच्या कळपांची तुलना करता यावी म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेनं प्रत्येक प्रमुख पाळीव जनावरासाठी तीस-तीस मार्कर सुचवले आहेत. त्यांतले आमच्या पैशात बसतील तेवढे बारा आम्ही घेतले.

रक्तातून डीएनए काढायचा म्हटलं की नवख्यांना वाटतं, लाल रंगात सगळं आहे. सस्तन प्राण्यांच्या पक्व लाल पेशीत केंद्रकच नसतं. म्हणजे आधी लाल पेशी फोडून फेकून द्यायच्या आणि तळाशी राहतो तो पांढऱ्या पेशींचा इवलासा गोळा जपायचा. कोंबडीचं उलट. तिच्या लाल पेशींतही केंद्रक असतं, एका थेंबात भागतं. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा कोंबड्यांवर काम करायचा आणि दुपारी तीनला घरी जायचा.

पांढऱ्या पेशी प्रोटिनेज के या विकरात रात्रभर छपन्न अंशांवर ठेवायच्या. सकाळी फिनॉल-क्लोरोफॉर्म. फिनॉल हाताला लागला की आधी काही कळत नाही, मग कातडी पांढरी पडते. वरचा पाण्यासारखा थर पिपेटच्या टोकानं उचलून घ्यायचा, मधल्या पांढऱ्या सायीला हात न लावता. त्यात थंडगार अल्कोहोल सोडलं आणि नळी तिरकी केली की पारदर्शक पाण्यात एक पांढरा तंतू गोळा होऊ लागतो, कातरलेल्या लोकरीचा पुंजका पाण्यात पडावा तसा. शंभराव्या नळीलाही मी तो थांबून बघत होते. बाकी सगळं काम हमालीचं, हे एवढं मात्र नाही.

मग पीसीआर, म्हणजे डीएनएच्या हव्या त्या तुकड्याच्या असंख्य नकला काढणं: शहाण्णव खाचांची प्लेट, चमकणारे रंग लावलेले प्रायमर, म्हणजे नक्कल जिथून सुरू होते तिथे चिकटणारे छोटे तुकडे. तुकड्यांची लांबी मोजून घ्यायला प्लेट बाहेर पाठवायची. परत येतात ते आलेख: एका मेंढीला एका मार्करवर दोन शिखरं. १४२ आणि १४८, असं वाचायचं. दोन शिखरं असली तर दोन वेगळ्या माळा, म्हणजे विषमयुग्मी. एकच असलं तर दोन्ही सारख्या, समयुग्मी. मुख्य शिखराच्या अलीकडे दोन अक्षरांवर एक बुटकं शिखर हटकून येतं, तो पीसीआरचाच घसरलेला हात असतो, त्याला मोजायचं नाही. पहिला आठवडा मी त्यालाही मोजत होते.

हिशेबाचा पाया एमएस्सीला शिकलेलाच होता. १९०८ साली केंब्रिजच्या हार्डीनं (रामानुजनांना इंग्लंडला बोलावून घेणारा तोच) आणि जर्मनीतल्या वाइनबर्ग नावाच्या डॉक्टरनं आपापल्या वाटेनं एकच गोष्ट मांडली. जनावरांत कुणीही कुणाशीही जुळत असेल, निवड नसेल, बाहेरून कोणी येत नसेल, तर दोन माळा कोणत्या प्रमाणात एकत्र दिसाव्यात ते आधीच सांगता येतं. दोन प्रकारच्या माळा निम्म्या-निम्म्या असतील तर शंभरात पन्नास जनावरं विषमयुग्मी हवीत. तेवढी दिसली नाहीत की काहीतरी घडलंय.

आमच्या तीन कळपांत फारसं काही घडलेलं नव्हतं. अपेक्षेपेक्षा थोडं कमी, थोडं जास्त. सातवा मार्कर मात्र चारही कळपांत विषमयुग्मी फारच कमी दाखवत होता. त्याचं कारण सापडलं. प्रायमर जिथे चिकटतो त्याच जागी काही मेंढ्यांत बदल असला, तर ती माळ वाढतच नाही, आलेखात दिसतच नाही, आणि दोन माळांची मेंढी एका माळेची वाटते. पीसीआरचं तापमान चार अंशांनी खाली आणलं तेव्हा हरवलेली काही शिखरं मान वर काढून उभी राहिली.

मामांच्या कळपाचं दुखणं वेगळं होतं. तिथे बाराच्या बारा मार्करवर तूट. मी दोन दिवस आकडे फिरवले आणि अहवालाच्या कच्च्या प्रतीत ठसक्यात लिहिलं: या कळपात अंतःप्रजननाचं (जवळच्या नात्यातल्या जुळणीचं) प्रमाण लक्षणीय आहे, एकच एडका (नर) अनेक वर्षं वापरला जात असावा.

मॅडमनी ते वाचलं. "एका मार्करवर तूट असेल तर मार्करला पकड. सगळ्यांवर असेल तर कळपाला. हे बरोबर केलंस. पण एडक्याचं कुठून आलं?"

"आकड्यांवरून."

"मामांना विचारलंस?"

विचारायची गरजच नव्हती, कारण मामांनी त्या सकाळी आपणहून सांगितलं होतं. दर दोन वर्षांनी एडका बदलतो, घरच्या पाटीवर, म्हणजे तरण्या मेंढीवर, घरचा एडका सोडत नाही, पिल्लू किडकं निघतं. माझ्याच वहीत, चहाच्या डागाखाली, ते लिहिलेलं होतं. आकडे आल्यावर मी वही उघडली नव्हती.

फोन तीन दिवस लागला नाही. चौथ्या दिवशी मामांच्या मुलानं उचलला. मी एडक्याचं विचारत होते, तो भलतंच काही सांगत होता. "ताई, तवा आमच्यात सांगोल्याचं पाव्हणं व्हतं नव्हं. मेव्हण्याची मेंढरं. तिकडं पाऊस न्हवता म्हून महिनाभर हिकडंच चारत व्हते. निळा ठिपका त्येंचा, आमचा लाल."

मी लॅपटॉपवर फोटो उघडले. पाटी, नंबर, मेंढी, आणि पाठीवर ठिपका. तीस फोटो. एकोणीस लाल, अकरा निळे. सगळं समोर होतं. मी वय लिहिलं, दात मोजले, शिंगं लिहिली, आणि मालकानं स्वतःच्या हातानं लावलेली खूण तेवढी लिहिली नाही, कारण फॉर्ममध्ये तसा रकाना नव्हता.

दोन वेगळे गट एका यादीत घातले की विषमयुग्मींची खोटी तूट दिसते, याला वालुंड परिणाम म्हणतात. १९२८ साली स्वीडनच्या वालुंडनं तो मांडला. परीक्षेत मी त्यावर आठ गुणांचं उत्तर लिहिलेलं आहे. समजा एका कळपात सगळ्यांकडे १४२ची माळ, दुसऱ्यात सगळ्यांकडे १४८ची. दोन्ही कळप सारखे असतील आणि आपण ते एक समजून मोजलं, तर निम्मी जनावरं विषमयुग्मी अपेक्षित, प्रत्यक्षात एकही नाही. यात कुणाचं भावा-बहिणीत लग्न लागलेलं नसतं. आपण दोन घरं एक समजलेलो असतो.

लाल आणि निळे वेगळे केले. तूट जवळजवळ गेली. 'स्ट्रक्चर' नावाची एक संगणक प्रणाली आहे, ती कोण कुठल्या कळपातलं हे न सांगता नुसत्या माळांवरून जनावरांचे गट पाडते. तिला दोन गट पाडायला सांगितल्यावर पडद्यावर एक लाल, एक हिरवा असे पट्टे आले आणि सांगोल्याची अकरा मेंढरं, एखाद-दुसरं सोडलं तर, एका बाजूला जाऊन बसली. 'मिश्र' रंगाच्या त्या उंच मेंढ्या त्यांच्यातल्याच. जतकडच्या माडग्याळ जातीचं, बाकदार नाकाचं रक्त त्यांच्यात असणार, असं डॉक्टर फोटो बघून म्हणाले. "मग तेव्हाच का नाही सांगितलंत?" म्हटलं. "तू कुठं विचारलंस?" हे वाक्य मी त्या महिन्यात दुसऱ्यांदा ऐकत होते.

याच सुमाराला सासवडला चुलतबहिणीचं लग्न होतं. जेवणाच्या पंगतीत काकांनी विचारलं, "तुझ्या त्या यंत्रात जात कळते का गं?" मराठीची ही गंमत आहे. मेंढीची जात, आंब्याची जात आणि माणसाची जात, शब्द एकच. एमएस्सीला आमच्या वर्गाचं एक प्रात्यक्षिक होतं, स्वतःच्या गालाच्या आतल्या पेशी घासून घ्यायच्या आणि सोळाव्या गुणसूत्रावर एका ठिकाणी सुमारे तीनशे अक्षरांचा 'आलू' नावाचा तुकडा घुसलेला आहे की नाही ते जेलवर बघायचं. कुणाकडे आहे, कुणाकडे नाही, कुणाकडे एकाच माळेवर. तेव्हाही मागच्या बाकावरून हाच प्रश्न आला होता, आणि सगळे हसले होते, जरा जास्तच मोठ्यानं. सरांनी फळ्यावर निकाल मांडला. चाळीस जणांत तिन्ही प्रकार होते, आणि आडनावं वाचून कोण कुठला ते कुणालाच ओळखता आलं नाही.

काकांना मी लुवॉन्टिन या अमेरिकन आनुवंशिकीतज्ज्ञाचं सांगितलं. १९७२ साली त्यानं रक्तगट आणि रक्तातल्या प्रथिनांवरून जगभरच्या माणसांचा हिशेब मांडला, तर एकूण विविधतेपैकी सुमारे ८५ टक्के एकेका लोकसमूहाच्या आतच निघाली. पण काका पेपर नीट वाचणारे आहेत. म्हणाले, "मग भारतीयांच्या जाती हजारो वर्षं आपसात लग्नं करत नव्हत्या, हेही डीएनएवरूनच म्हणतात ना?" म्हणतात. हैदराबादच्या सीसीएमबी या पेशी आणि रेणवीय जीवशास्त्राच्या संस्थेतल्या संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांबरोबर केलेल्या २००९च्या अभ्यासात ते आहे. दोन्ही खरं आहे. अनेक खुणा एकत्र बघितल्या तर गट वेगळे दिसू शकतात. त्यावरून एका माणसाला हातात धरून 'हा अमक्या जातीचा' असं म्हणायला जाणं ही निराळी उडी आहे. ती उडी मी मारत नाही, एवढंच काकांना सांगितलं.

"आणि आपलं कूळ?"

आईकडचा डीएनए म्हणाल तर मायटोकाँड्रियाचा, तो आईची आई, तिची आई, असा एकाच रेषेत जातो. दहा पिढ्या मागे गेलं तर पूर्वजांच्या १,०२४ जागा असतात, त्यातल्या एकाच बाईची खबर तो देतो. काकांना हे आवडलं नाही. जिलबी मात्र त्यांनी माझ्या पानात वाढायला लावली.

त्या मांडवात बसल्या-बसल्या मला वालुंड पुन्हा आठवला. कुणी अनोळखी माणसानं तिथे येऊन तीनशे जणांचं रक्त घेतलं आणि वर 'सासवडचे लोक' असं लिहिलं, तर? वधूकडचे सासवडचे, वराकडचे लातूरचे.

माणसांबाबत हा प्रश्न पुण्यात फार आधी विचारला गेलाय. डेक्कन कॉलेजात इरावतीबाई कर्व्यांनी मापं, रक्तगट घेऊन महाराष्ट्रातल्या जातींवर काम केलं. त्यांचं म्हणणं असं, की एका नावाखालच्या पोटजाती म्हणजे एकाच मूळ जातीचे फुटलेले तुकडे, असं धरून चालू नका. वेगवेगळे गट नंतर एका नावाखाली आलेले असू शकतात. १९६८ साली कैलाश मल्होत्रांबरोबर त्यांनी महाराष्ट्रातल्या एकाच दर्जाच्या आठ गटांची जैविक तुलना छापली, तेव्हा मायक्रोसॅटेलाइट हा शब्दही आमच्या अर्थानं कुणाला माहीत नव्हता. मल्होत्रांनी पुढे धनगरांच्या पोटशाखांवरही काम केलं. आमच्याकडे यंत्रं आली, पण यादीच्या वर कोणतं नाव लिहायचं हे यंत्र सांगत नाही. ते मी त्या माळावर, शिंगं मोजत असताना, चुकीचं लिहून आले होते.

अहवाल दुरुस्त केला. 'अंतःप्रजनन' हा शब्द काढला. बदली म्हणून घेतलेल्या त्या चार नमुन्यांपैकीही दोन निळेच होते.

दिवाळीनंतर मामांचा कळप कोकणाकडे निघाला. दरवर्षी निघतो, घोड्यांवर बिऱ्हाड लादून. मुलाचा फोन आला, भूगावच्या पुढे मुक्काम आहे, येताय का. मी स्कूटरवरून गेले. दोन टॉवरच्या मधल्या पडीक प्लॉटवर वाघर लावलेली, वरच्या बाल्कन्यांतून लोक मोबाइलवर फोटो काढत होते. मावशींनी चहा दिला.

"मग? काय निघालं रगतात?" मामांनी विचारलं.

"तुमची आणि पाव्हण्यांची मेंढरं वेगळी निघाली."

ते माझ्याकडे बघत राहिले. "त्यापायी पुन्याला न्यालं व्हय?"

काय बोलणार? मग त्यांनी खरं ते विचारलं, जुळी देणारी मेंढी रक्तावरून ओळखता येते का. येते, पण त्यासाठी आमच्या खुणा उपयोगाच्या नाहीत, तो एक नेमका जनुक आहे, त्याची चाचणी वेगळी. सुंदरबनाकडची गरोळ नावाची लहानखुरी मेंढी तो बाळगते, आणि फलटणच्या निंबकर संस्थेनं तो दख्खनी मेंढ्यांत आणलाय. फलटण म्हटल्यावर मामांचा चेहरा खुलला, ते ठिकाण त्यांना माहीत होतं. "पर जुळ्यास्नी दूद पुराया पायजे," मावशी आतून म्हणाल्या. अर्धा तास त्यावर बोलणं झालं. माझ्या आयुष्यातली सर्वांत चांगली शोधनिबंध-चर्चा.

निघताना मी नवा फॉर्म काढला. त्यात आता 'मालकाची खूण' असा रकाना आहे, अंगाच्या रंगाच्याही आधी. वाघरीजवळ उभं राहून नजर फिरवली. लाल, लाल, लाल, आणि मध्ये सात-आठ हिरवे.

"मामा, हिरवा कुणाचा? परत पाव्हणे आलेत का?"

"न्हाय गं," मामा म्हणाले. "लाल संपला व्हता."